हस्तातली सोयाबीन काढणी

हस्त नक्षत्र निम्मं सरलं. लातूर-औसा पट्ट्यात जूनअखेर पेरलेलं फुले संगम हे सोयाबीनचं वाण १०० ते १०५ दिवसांत पिकतं, म्हणजे नेमकं आत्ता, परतीच्या पावसाच्या तोंडावर. साडेतीन महिन्यांचं पीक या आठ-दहा दिवसांत हाती लागतं नाहीतर मातीत जातं.

पानं गळून ९०-९५ टक्के शेंगा तांबूस झाल्या की विळा लावायला हरकत नाही. 'आणखी दोन दिवस वाळू दे' म्हणून थांबलं की उन्हात शेंगा तडकतात. जेएस ३३५ हे वाण तर जास्तच फुटतं. म्हणून कापणी सकाळीच बरी. दवाने शेंग नरम असते, दाणे गळत नाहीत. झाड उपटू नये, बुडातून कापावं. उपटलं की मुळांसोबत माती येते, ती मळणीत दाण्यात मिसळते. शिवाय मुळांवरच्या नत्राच्या गाठी रानातच राहायला हव्यात.

गुत्तेदार (ठेक्याने कापणी करणारा) एका दिवसात सगळं रान आडवं करून देतो म्हणतो, कारण त्याला पुढचं गाव गाठायचं असतं. मोह होतोच. पण ताडपत्री जेवढ्या बनमीला (कापलेल्या काडाच्या रचलेल्या ढिगाला) पुरेल तेवढंच कापावं. उभ्या झाडावर पाऊस पडला तर वारं लागून शेंग पुन्हा वाळते. कापून पसरलेल्या काडावर पडला तर खालच्या बाजूची शेंग ओल्या मातीला चिकटून राहते. दोन दिवस ढग राहिले की ती सोलून बघावी: दाणा फुगलेला, साल सुरकुतलेली, डोळ्याशी पांढरा कोंब. तो दाणा गेलाच. पाऊस उघडला की पसर लगेच उलटून घ्यायचा, एवढंच हातात असतं.

दोन-तीन दिवस ऊन खाल्लं की बनीम लावायची. जागा उंचवट्याची, भोवती चर, शेंगा आतल्या बाजूला. काड ओलसर असताना रचून वर ताडपत्री घट्ट आवळली तर आत वाफ धरते, बुरशी येते, दाणा काळा पडतो. बनमीत कोपरापर्यंत हात घालून बघावा. आत गरम लागलं तर मोडून पुन्हा पसरावी. उघाडीला ताडपत्री बाजूला काढावी.

हडंब्यावर (मळणीयंत्रावर) खरा खेळ फेऱ्यांचा. ड्रम मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवावा. हडंबेवाल्याला घाई असते, तो वेग वाढवतो. मग कोरड्या दाण्याची डाळ होते आणि ओल्याला आतून मार बसतो, जो डोळ्यांना दिसत नाही. अधूनमधून तोंडाशी ओंजळ धरून दाणे बघावेत. डाळ दिसली की वेग कमी करायला लावावा, वाईटपणा आला तरी.

ओला माल विकावा की वाळवावा, याचा हिशेब आधी मांडावा. १८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल १२ टक्क्यांवर आणला तर सुमारे ९३ किलो भरतो. वाळल्या मालाचा भाव ४,५०० धरला, तर त्या ओल्या क्विंटलची खरी किंमत ४,१९० च्या आसपास होते. आडतीवर याहून कमी बोली लागली आणि घरी खळं मोकळं असेल, तर दोन उन्हं द्यावीत. हमीभाव २०२५-२६ ला ५,३२८ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्के आणि काडीकचरा २ टक्क्यांच्या आत लागतो. ऐन पैशाच्या नडीला हे वाळवणं जड जातं, हेही खरं. दिवाळी तोंडावर, हरभऱ्याचं बी-खत घ्यायचं, मजुरी रोखीत.

बियाण्याचा माल मात्र पावसात न भिजलेल्या तुकड्यातलाच ठेवावा, कमी फेऱ्यांवर वेगळा मळून, ज्यूटच्या पोत्यात. पोती उंचावरून आपटू नयेत. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीलगतच. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची. ७० उगवले तर एकरी ३० किलो. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, आणि ६० च्याही खाली गेलं तर ते पोतं पेरायचं नाही.