वारेत सापडलेला विषाणू

जीवाणूंच्या जनुकांवर काही वर्षे काम करून मी नुकतीच सस्तन प्राण्यांवरील संशोधनाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले होते आणि मानवी वारेतील, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या अवयवातील, आरएनएचा क्रम तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. बाहेरचे काही मिसळले आहे का, हे पाहण्यासाठी तो क्रम विषाणूंच्या प्रथिनांशी ताडला, तेव्हा रेट्रोव्हायरसच्या, म्हणजे आपली जनुके यजमानाच्या जनुकसंचात घुसवणाऱ्या विषाणूच्या, आवरण-प्रथिनाशी ठळक साम्य निघाले. 'नमुना दूषित' अशी नोंद करून मी सर्व द्रावणे बदलली आणि आरएनए नव्याने वेगळा केला. साम्य कायम राहिले. नुसत्या पाण्याच्या नमुन्यात मात्र त्याचा मागमूसही नव्हता.

मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "मानवी जनुकसंचाशी ताडून पाहिलेस का?" बाहेरचा चोर शोधताना घर तपासायचे राहूनच गेले होते. तो क्रम सातव्या गुणसूत्रावर चपखल बसला. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे, हे मी वाचले होते. पण त्यांची बहुतेक जनुके उत्परिवर्तनांनी मोडलेली असतात, आणि इथे तर ५३८ अमिनो आम्लांची साखळी कुठेही न तुटता वाचता येत होती. हे सिन्सिटिन-१ नावाचे प्रथिन होते. वारेतील त्याचे कार्य २००० साली उजेडात आले होते.

दुपारी बाईंनी वारेचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वारेच्या बोटांसारख्या अंकुरांच्या बाहेरच्या थरात केंद्रके दाटीने दिसत होती, पण त्यांच्यामध्ये पेशींची सीमा कुठेच नव्हती. आईच्या रक्ताला भिडणारा हा थर असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन बनतो, आणि ज्या प्रकारच्या प्रथिनाने विषाणू पेशीच्या पटलात आपले पटल मिसळून आत शिरतो, तेच इथे पेशीला पेशी जोडते. उंदरात हे काम दुसऱ्याच विषाणूंकडून आलेली जनुके करतात. त्यांतील सिन्सिटिन-ए काढून टाकल्यास गर्भ अर्ध्या वाटेवरच मरतो. मांसाहारी आणि रवंथ करणाऱ्या प्राण्यांनीही आपापली निराळी जनुके उचलली आहेत. मला खरे चकित केले ते माबुया नावाच्या, पिलांना जन्म देणाऱ्या सापसुरळीने: तिच्या वारेतही असेच जनुक असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले होते. सरडे आणि सापांमध्ये अंडी घालण्याऐवजी पिलांना जन्म देण्याची रीत शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली. तिथेही विषाणूचेच हत्यार कामी यावे, हा निव्वळ योगायोग मला तरी वाटत नाही.

बाईंनी मग माझ्या 'दूषित' नोंदींची यादी मागितली. तीत असेच आणखी दोन क्रम होते. ते आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा तपासायला घेतले.