तुम्ही विचारलेत म्हणून: कोणता ‘नदिया के पार’?

‘नदिया के पार’ आवर्जून पाहा, असे मी सुचवले की मुंबईतला मराठी माणूस हमखास विचारतो, ‘म्हणजे सचिन पिळगांवकरांचाच ना?’ तो 1982 चा चित्रपट मलाही आवडतो. पण मी सांगत असतो तो 1948 चा, किशोर साहू यांनी गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओसाठी दिग्दर्शित केलेला, दिलीपकुमार आणि कामिनी कौशल यांचा. दोन्हींच्या कथा अगदी वेगळ्या आहेत.

याच फिल्मिस्तानच्या ‘शहनाई’मध्ये आदल्या वर्षी सी. रामचंद्रांनी ‘संडे के संडे’ची विलायती ठेक्याची चाल दिली होती. पुणतांब्याच्या या संगीतकाराने ‘नदिया के पार’मध्ये मोती बी. ए. या भोजपुरी कवीच्या शब्दांना लोकगीताच्या वळणाची चाल लावली आणि रफींबरोबर गायला घेतले ललिता देऊळकरांना, म्हणजे पुढच्या ललिता सुधीर फडके यांना. नायिका प्रियकराला नदीपार घेऊन चल म्हणते, ते हे शीर्षकगीत.

माझे मन अडकते ते या मागण्यातच. नायक जमीनदाराचा मुलगा आणि नायिका फुलवा कोळी-नावाड्यांच्या वस्तीतली. नदी ओलांडणे हा जिच्या माणसांचा रोजचा व्यवसाय, तीच त्याला पलीकडे नेण्याची गळ घालते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलीने बंगल्यातल्या मुलाला होडी हाकायला सांगावे, तसेच हे झाले. पाणी तिला कधीच अडवत नव्हते. अडवत होता तो वाड्याचा उंबरठा, आणि तो ओलांडून नेण्याची ताकद केवळ त्याच्यात आहे असे ती धरून चालते. प्रेमातही मागणारी बाजू तिचीच राहते, हे मला फार बोचते. देश स्वतंत्र झाला असला तरी जमीनदारी कायद्याने जायची होती, हे लक्षात घेतले तर त्या विनवणीचे वजन कळते.

चित्रपट दुर्मीळ का, असेही काही जण विचारतात. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घेणारी आणि ठेवल्या जागी सडत जाणारी असे. गाणी मात्र लाखेच्या तबकड्यांवर निघत आणि घरोघरी जपली जात, म्हणून अनेक जुन्या चित्रपटांची ओळख गाण्यांपुरतीच उरली आहे. तेव्हा झिजकी, ओरखडे पडलेली प्रत मिळाली तरी नाक मुरडू नका. गाणे नुसते ऐकलेत, तर ती कोणाला आणि कोणत्या पायरीवरून विनवते आहे, हे कळायचे राहून जाईल.