स्वतःच्या डोमेनवर ईमेल: माझा अनुभव, आणि एका पॅनलवरचा राग

फुकटचा मेल सोडून स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे @ नंतर आपलं नाव असलेल्या पत्त्यावर, जायचं म्हटलं की लोक कंपन्यांच्या तुलनेत आठवडे घालवतात. माझं ते काम लवकर उरकलं. अडलं भलतीकडेच: डोमेन जिथून घेतलं त्या रजिस्ट्रारच्या डीएनएस पॅनलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी (रेकॉर्ड) जिथे भरतात त्या पानावर. तो राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे लिहिणार आहे ते मुख्यतः त्यावरच. निवडीचं आधी पटकन सांगून टाकतो.

पत्ता आपल्या डोमेनचा असला की मेल सांभाळणारी कंपनी कधीही बदलता येते, म्हणून निवडीचं फार ओझं घेऊ नका. पहिला प्रश्न एकच विचारा: आयमॅप (कुठल्याही ॲपमधून मेल वाचायची रूढ पद्धत) लागतं का? थंडरबर्ड किंवा फोनमधलं साधं मेल ॲप वापरायचं असेल तर लागतं. हॅनोवरची टुटा आयमॅप देतच नाही. जिनिव्हाच्या प्रोटॉनमध्ये त्यासाठी 'ब्रिज' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं आणि फक्त संगणकावर चालतं. दोघांचं कारण एकच: मेल त्यांच्याकडे कुलूपबंद साठवलेला असतो, साध्या ॲपला तो उघडता येत नाही. ही सुरक्षितता हवी असेल तर तेवढी गैरसोय पत्करावी. मला आयमॅप हवंच होतं, म्हणून हे दोन्ही पर्याय बाजूला पडले. १९९९ पासून चालू असलेली मेलबर्नची फास्टमेल आणि बर्लिनची मेलबॉक्स डॉट ऑर्ग सरळ आयमॅप देतात. घरातल्या सगळ्यांना पत्ते द्यायचे असतील तर मिगाडू बघा, ते मेलबॉक्सची संख्या न मोजता मेलची ये-जा मोजतात. रुपयांत बिल हवं असेल तर चेन्नईची झोहो आहे. आणि बर्लिनच्याच पोस्टिओचं कौतुक ऐकून तिकडे धावू नका, ते स्वतःचं डोमेन जोडूच देत नाहीत.

परदेशी कंपनीला पैसे भरताना कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये पाहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. शिवाय दरवर्षी आपोआप पैसे कापले जातील यावर विसंबू नका. ई-मँडेटच्या (आपोआप वसुलीला दिलेल्या संमतीच्या) नियमांमुळे परदेशी कंपन्यांची अशी वसुली आपल्या बँका बऱ्याचदा नाकारतात. दोन-तीन वर्षांचे एकदम भरलेले बरे.

आता पॅनल. मेल कंपनी एक यादी देते: दोन एमएक्स रेकॉर्ड (येणारा मेल कुठल्या सर्व्हरकडे जावा ते), एसपीएफसाठी (आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते) एक टीएक्सटी म्हणजे साध्या मजकुराचा रेकॉर्ड, डीकेआयएमसाठी (मेलवरची सही तपासायची चावी) एक किंवा जास्त, आणि डीमार्कसाठी (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते) एक. यादी छोटी आहे, नीट पॅनलमध्ये पंधरा मिनिटांचं काम. माझ्या रजिस्ट्रारच्या पॅनलमध्ये यातली एकही ओळ पहिल्या फटक्यात बसली नाही.

सुरुवात एमएक्सपासून. आत आधीच रजिस्ट्रारच्या स्वतःच्या मेल सर्व्हरचे रेकॉर्ड भरलेले होते आणि त्यांच्यासमोर 'काढा' हे बटणच नव्हतं. कारण तिसऱ्याच पानावर 'फुकट ईमेल फॉरवर्डिंग' नावाची न मागितलेली सेवा चालू होती, आणि ती बंद केल्याशिवाय हे रेकॉर्ड सुटत नव्हते. ती सेवा स्वतःचा एसपीएफ रेकॉर्डही घालून ठेवते. हे ध्यानात ठेवा, कारण एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. दोन दिसले की समोरचा सर्व्हर कुठला खरा ते ठरवत बसत नाही, दोन्ही बाद करतो. दोन सेवांना पाठवायची परवानगी द्यायची असेल तर एकाच ओळीत दोन 'इन्क्लूड' (त्या सेवेची यादी आत ओढणारा शब्द) घाला. त्यालाही मर्यादा आहे: एसपीएफ तपासताना डीएनएसला १० पेक्षा जास्त विचारणा कराव्या लागल्या तर तो नापास होतो. आणि एकेका इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात, म्हणून ओळीत तीन दिसले तरी हिशेब दहाच्या पुढे जाऊ शकतो.

मग नावाचा रकाना. मेल कंपनी डीकेआयएमच्या रेकॉर्डचं पूर्ण नाव देते: सिलेक्टर (चावीचं नाव), मग डोमेनकी हा ठरलेला शब्द, मग आपलं डोमेन. हे पॅनल शेवटी डोमेन स्वतःहून जोडतं, पण तसं कुठेही सांगत नाही. त्यामुळे रेकॉर्ड तयार होतो तो डोमेन दोनदा लागलेल्या नावाने. यादीत मात्र तो जसा टाइप केला तसाच दिसतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. उपाय: रकान्यात डोमेनच्या आधीचा भागच लिहायचा.

तो लिहिला, तर 'अवैध अक्षर'. डीकेआयएम आणि डीमार्क या दोन्ही नावांत अंडरस्कोर असतो. यजमान संगणकाच्या नावात अंडरस्कोर चालत नाही हा नियम खरा आहे, पण तो डीएनएसच्या सगळ्या नावांना लागू नाही. फॉर्म बनवणाऱ्याने तो सगळ्यांना लावून टाकला. या पॅनलमध्ये टीएक्सटी प्रकार आधी निवडून नाव नंतर भरलं तर तपासणी होत नाही, उलट क्रमाने भरलं तर होते. हे कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते डीकेआयएमच्या चावीने. २०४८ बिटची चावी लिहिली की जवळपास ४०० अक्षरं होतात. टीएक्सटी रेकॉर्डमधल्या एका तुकड्याला मात्र २५५ अक्षरांची मर्यादा आहे. चांगलं पॅनल आपणच तुकडे पाडतं. हे पॅनल पहिली २५५ ठेवतं, उरलेली फेकून देतं आणि वर हिरव्या पट्टीत 'यशस्वी' म्हणतं. अर्धी चावी जाहीर झाली की पाठवलेल्या प्रत्येक मेलवरची सही खोटी ठरते. तुकडे आपण पाडायचे, प्रत्येक अवतरणचिन्हांत घालायचा आणि मध्ये एक मोकळी जागा सोडायची, हा रूढ उपाय. पण या पॅनलने अवतरणचिन्हंच चावीचा भाग म्हणून साठवली. तुमची मेल कंपनी डीकेआयएमसाठी सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) देत असेल तर ही सगळी कटकट टळते, कारण चावी त्यांच्याकडे राहते आणि आपण फक्त बोट दाखवतो. निवड करताना मी आता हे आधी पाहीन, साठवणुकीची जागा वगैरे नंतर.

ग्राहक सेवेकडे विचारलं की उत्तर ठरलेलं: '४८ तास थांबा, प्रोपगेशन चालू आहे', म्हणजे बदल जगभर पसरतोय. या ४८ तासांनी जितका वेळ वाया घालवला आहे तितका कशानेच घालवला नसेल. तो आकडा नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड सांगणारे सर्व्हर) बदलण्याशी संबंधित आहे. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, साठवायला परवानगी असते. चालू डोमेनमध्ये नवा रेकॉर्ड घातला तर त्यांच्या नेमसर्व्हरने तो काही मिनिटांत सांगायला हवा. हे तपासता येतं: डिग किंवा एनएसलुकअप या संगणकावरच्या आज्ञा वापरून थेट रजिस्ट्रारच्या नेमसर्व्हरलाच रेकॉर्ड विचारा, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या सार्वजनिक सर्व्हरांना नाही. तिथे नसेल किंवा चुकीचा असेल तर ४८ दिवस थांबूनही तो येणार नाही. तिथे बरोबर असेल आणि बाहेर दिसत नसेल, तरच थांबण्यात अर्थ आहे.

थांबावं लागतं त्याचं आणखी एक कारण आपल्या घाईत असतं. रेकॉर्ड घालण्याआधीच मेल कंपनीच्या पानावर 'पडताळा' दाबलं, तर 'असा रेकॉर्ड नाही' हे उत्तरही साठवलं जातं. किती वेळ, ते डोमेनच्या एसओए (मूळ माहितीच्या) रेकॉर्डवर ठरतं. कुठे पाच मिनिटं, कुठे तास, कुठे अख्खा दिवस. म्हणून क्रम असा ठेवा: रेकॉर्ड घाला, नेमसर्व्हरला थेट विचारून खात्री करा आणि मगच बटण दाबा.

शेवटी मी त्या पॅनलशी भांडणं सोडलं. डोमेन तिथेच ठेवलं आणि डीएनएस दुसरीकडे नेलं. नव्या डॉट कॉमला पहिले ६० दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही, पण नेमसर्व्हर कधीही बदलता येतात, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्लाउडफ्लेअर हे काम फुकट करतं, बर्लिनची डीसेकही करते. नेण्याआधी दोन गोष्टी करा. जुने सगळे रेकॉर्ड नव्या जागी आधीच उतरवून ठेवा. आणि जुन्या जागी डीएनएससेक (रेकॉर्डांवरची डिजिटल सही) चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर वर जुनी खूण आणि खाली नवी सही अशी गत होऊन तपासणी करणाऱ्या सर्व्हरांना अख्खं डोमेन दिसेनासं होतं. क्लाउडफ्लेअरमध्ये मेलशी संबंधित रेकॉर्डांसमोरचा नारिंगी ढग (क्लाउडफ्लेअर स्वतः मध्ये उभं असल्याची खूण) राखाडी करायला विसरू नका. ढग नारिंगी असला तर डीकेआयएमच्या सीनेमची पडताळणी होत नाही. नव्या जागी सगळं एका बैठकीत बसलं. बसल्यावर सुटका वाटली, आणि जुन्या पॅनलवरचा राग आणखी वाढला.

तपासायची सोपी रीत: नव्या पत्त्यावरून एखाद्या जीमेल खात्यावर मेल पाठवा, तिथे 'शो ओरिजिनल' उघडा, आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर 'पास' आहे का पाहा. डीमार्कचं धोरण आधी 'नन' ठेवा, अहवाल कुठल्या पत्त्यावर यावेत ते लिहा, काही आठवडे अहवाल पाहा आणि मग 'क्वारंटाइन' करा. एरवी ऑनलाइन दुकानाची पावती किंवा सोसायटीच्या सॉफ्टवेअरचा मेल, असं आपल्या नावाने जाणारं काहीतरी आपल्याच नियमाने अडतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: रजिस्ट्रारकडचं खातं त्याच डोमेनच्या पत्त्यावर काढू नका. डोमेन संपलं की मेल बंद, आणि मेल बंद म्हणजे नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड बदलायची लिंकही बंद. तिथे वेगळा पत्ता द्या. डॉट कॉमसारख्या डोमेनला नोंदणीनंतर पडताळणीचा एक मेल येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं.

नाव निवडताना ते फोनवर सांगून बघा. मराठी शब्द असेल तर 'व' ला व्ही की डब्ल्यू, 'ई' ला आय की दोन ई, हे बँकेच्या प्रत्येक फोनवर सांगावं लागेल. डॉट इनला नोंदणीदाराची माहिती झाकायची सोय नाही आणि केवायसी मागतात. डॉट कॉमला बहुतेक ठिकाणी ती फुकट झाकून मिळते. २०१४ मध्ये आलेलं डॉट भारत मनाला भावतं, पण देवनागरी पत्ता अजून कितीतरी फॉर्म नाकारतात.

जुना मेल आणताना जीमेलच्या आयमॅपवर दिवसाला २५०० एमबी उतरवायची मर्यादा असते, त्यामुळे मोठं खातं एका रात्रीत येत नाही. एकाच मेलला तीन लेबलं असतील तर तो तीन फोल्डरांत तीनदा उतरतो. आधी लेबलं आवरा.

पत्ता बदलण्यात म्युच्युअल फंड विसरले जातात. कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपन्यांचं एकत्रित विवरण फोलिओत नोंदलेल्या ईमेलवर जातं, त्यामुळे काही फोलिओ जुन्या पत्त्यावर राहिले तर विवरण अर्धवट येतं. आधारमधला ईमेलही बदलायला विसरू नका. जुनं जीमेल खातं बंद न करता नव्याकडे फॉरवर्ड करून ठेवा आणि अधूनमधून त्यात लॉगिन करत राहा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.