मरे नदीवरचा संथ प्रवास

बिग बेंड, संध्याकाळ

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅनम गावचा धक्का सोडल्यापासून बोटीने कसलीही घाई केलेली नाही. ‘मरे प्रिन्सेस’ 1986 सालची आहे आणि तिचे मागचे चाक वाफेवर नव्हे, डिझेलवर फिरते. पण बोट पुढे ढकलण्याचे काम खरोखर ते चाकच करते, शोभेसाठी लावलेले नाही, याचे मला फार समाधान वाटते.

दुपारभर चुनखडीचे पिवळसर कडे पाहत बसले. या भागात कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांचे आणि सागरी जिवांचे थर आता नदीने कापून उघडे केले आहेत. एकेक कडा डोळ्यांपुढून इतका सावकाश सरकतो, की थरावर थर वाचायला सवड मिळते. हेच अंतर मोटारीने गेले असते, तर यातले काहीच लक्षात राहिले नसते.

मात्र पाण्याचा हा संथपणा सगळा नदीचा स्वतःचा नाही. ब्लँचटाउनला 1922 साली पहिला लॉक, म्हणजे पाणी अडवून बोटींना दारांतून वर-खाली नेणारा बंधारा, सुरू झाला आणि 1940 मध्ये नदीच्या मुखाकडचे गूलवाजवळचे बांध पूर्ण झाले. त्यामुळे लॉकपासून मुखापर्यंतच्या सुमारे 274 किलोमीटरमधल्या बहुतेक पट्ट्यात पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम पाऊण मीटर उंच राखली जाते. ज्या शांततेसाठी आम्ही सगळे इथे आलो, ती बऱ्याच अंशी माणसाने बांधून घातलेली आहे, हे कळल्यावर मला नदीकडे निव्वळ कौतुकाने पाहता येईना. काठावरच्या रेड गमच्या झाडांना जगायला अधूनमधून पुराचे पाणी मिळावे लागते, आणि वरच्या खोऱ्यात शेतीसाठी इतके पाणी उचलले जाते, की 1981 साली नदीचे मुखच वाळूने बंद झाले होते. एवढ्या मोठ्या नदीला समुद्रापर्यंत पोहोचता येऊ नये, हे मला फार लागले.

सांगलीत लहानाची मोठी झाल्यामुळे पुराच्या खुणांकडे माझी नजर आपोआप जाते. इथे 1956 च्या महापुराचे नाव अजून निघते, आणि 2022 च्या डिसेंबरात त्यानंतरचा सर्वांत मोठा पूर येऊन काठची अनेक घरे पाण्यात गेली. कृष्णेकाठी 2019 मध्ये जे पाहिले, त्यामुळे या लोकांशी बोलताना मला फारसे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

परतल्यावर मॅनममध्ये ‘मेरी ॲन’चा बॉयलर पाहायचा आहे. विल्यम रँडेल यांनी 1853 साली मरेवर उतरवलेली ही पहिली आगबोट. तिचा चौकोनी बॉयलर वाफेच्या दाबाने फुगू लागला, तेव्हा त्याला साखळ्यांनी आवळून ती पुढे नेण्यात आली. त्या वेळी नदीवर एकही लॉक नव्हता, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले, की बोटींना पुढच्या चढाची वाट पाहत महिनोन्महिने काठाला अडकून राहावे लागे.