भूत ड्युटीवर यायला लागलं : चौथ्या महिन्याची नोंद

वाचायला घेतलेल्या बारा भयकथांपैकी सात झाल्या, म्हणजे ठरवल्यापेक्षा दोन कमी. नियम तेच. प्रत्येक कथा दोनदा वाचायची, एकदा सकाळच्या ठाणे-कल्याण फास्टमध्ये, एकदा रात्री घरी. अंगावर काटा नेमका कुठल्या ओळीला आला ते वहीत लिहायचं. 'वातावरणनिर्मिती उत्तम' वगैरे लिहायला बंदी.

शतकांप्रमाणे पाडलेले रकाने या महिन्यात खोडले. नवा रकाना एकच: भीतीकडे माणूस गेला, की माणसाकडे भीती आली?

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकात, राजा आपल्या पायांनी रात्री स्मशानात जातो आणि शिंशपेच्या झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ त्याला कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोकं फुटणार, बोलला तर प्रेत परत झाडावर. नियम इतके पक्के असले की मला कोडं सोडवल्यासारखं वाटतं. वहीत शून्य. (आजी सांगायची तेव्हा काटा यायचा, पण ती करामत आजीची.)

डिकन्सचा 'सिग्नलमॅन' (1866) कुठे जात नाही. बोगद्याच्या तोंडाशी त्याची ड्युटी: घंटा, तारयंत्र, लाल दिवा. भूत तिथे येतं आणि चक्क घंटा वाजवतं! इशारा देतं, पण धोका कसला ते सांगत नाही. आता याने वर कळवायचं काय? 'सावध राहा' अशी तार केली तर उलट विचारणार, कशापासून, कुठे? सांगता आलं नाही की वेडा ठरणार आणि नोकरी जाणार. भुतापेक्षा मला ही अडचण जास्त लागली. डिकन्स स्वतः जून 1865मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता.

ही कथा सकाळच्या गाडीतच संपवायचा बेत साफ फसला. समोरच्या बाकावर मटार सोलणं चाललेलं आणि मला चौथी सीट. काटा आला तो रात्री, शेवटच्या परिच्छेदाला. सिग्नलमन गाडीखाली सापडतो, आणि त्याला सावध करायला इंजिनवाला जे ओरडलेला असतो त्यातले काही शब्द सिग्नलमनने कधी सांगितलेलेच नसतात. ते फक्त निवेदकाच्या मनात आलेले असतात. सकाळी ही ओळ मी सरळ ओलांडून गेले होते. दोनदा वाचायचा नियम इथे वसूल झाला.

टागोरांच्या 'क्षुधित पाषाण'मध्ये (1895) कापसाच्या महसुलाचा अधिकारी दिवसा कचेरी करतो आणि रात्री महाल त्याला गिळतो. गोष्ट सांगितली जाते जंक्शनवर, गाडीची वाट बघताना. महालातल्या इराणी मुलीची हकीकत सुरू होणार, तेवढ्यात गाडी येते आणि सांगणारा पहिल्या वर्गात बसून निघून जातो. ऐकणाऱ्या दोघांपैकी एक म्हणतो थाप, दुसऱ्याला ते पटत नाही, आणि त्यांचं जन्माचं फाटतं. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात भेटणारी माझी मैत्रीण या शेवटावर अजून चिडलेली आहे. मला तो आवडतो. आमचं अजून बोलणं सुरू आहे, एवढंच.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी, म्हणजे मराठी भयकथांतले आपले दोघे, मुद्दाम मागे ठेवलेत. शाळेत असताना पांघरुणात वाचलेत, तिथे मी पंच म्हणून बसू शकत नाही.

शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'त (1948) भूतही नाही आणि रात्रही नाही. 27 जूनचं लख्ख ऊन, सकाळी दहाला गाव जमतं, जिची चिठ्ठी निघते तिला दगडांनी मारतं, दोन तासांत उरकून सगळे दुपारच्या जेवणाला घरी. इथे कोण कोणाकडे गेलं? रकाना कोरा सोडलाय. पहिल्या वाचनात काट्याची नोंद अगदी शेवटच्या ओळीला होती. रात्री ती सुरुवातीलाच करावी लागली, मुलं गुळगुळीत गोटे निवडून खिशात भरतात तिथे.