रुग्ण घरी आणला, केअरटेकर ठेवला; आता तपासायचं काय?

मुलगा-सून पुण्याला नोकरीत, आणि पक्षाघात झालेले वडील अंबाजोगाईच्या नाहीतर परभणीच्या घरात. मराठवाड्यात आता गल्लोगल्ली अशी घरं आहेत. दवाखान्यातून सुट्टी होताना कुणीतरी केअरटेकर पुरवणाऱ्या ब्यूरोचा नंबर देतं, दुसऱ्या दिवशी एक मावशी किंवा मामा पिशवी घेऊन दारात उभे राहतात, आणि घरच्यांना वाटतं, चला, सोय झाली. तपासणी खरं तर तिथून सुरू व्हायला हवी. सेवेचा दर्जा गणवेशावरून कळत नाही. तो कळतो रुग्णाच्या कातडीवरून, लघवीच्या पिशवीवरून आणि उशाशी ठेवलेल्या वहीवरून.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्या. केअरटेकर म्हणजे नर्स नव्हे. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, डायपर, चालवणं, वेळेवर गोळ्या हातात देणं हे केअरटेकरचं काम. शिरेतून इंजेक्शन किंवा सलाईन, लघवीची नळी टाकणं, नाकातली नळी बदलणं हे काम एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेल्या माणसाचं. ब्यूरो ‘सिस्टर पाठवतो’ म्हणतो तेव्हा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख मागा. ‘वीस वर्षं दवाखान्यात काम केलंय’ हे त्याचं उत्तर होत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: आधारची प्रत, कायमचा पत्ता, पोलीस पडताळणी, पैशाची पावती, आणि माणूस आला नाही तर किती तासांत बदली देणार हे लेखी. शेवटची अट बहुतेक जण विसरतात. पोळ्याला, दिवाळीला, कुणाकडे लग्न निघालं की माणूस गावाकडे जातो, ते साहजिकच आहे. बदलीवर कोण येणार हे ठरलेलं नसेल तर त्या चार दिवसांत रुग्णाचे हाल होतात.

पहिल्याच दिवशी एक काम समोर करून दाखवायला सांगा: रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरवर घेणं. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला लावली का, दोन्ही ब्रेक लावले का, पायठेवणं वर उचललं का, उठवायच्या आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसवलं का, हे पाहा. बसवलं नाही तर रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. आणि लुळ्या हाताला धरून ओढलं, तर तिथेच थांबवा. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. अशा ओढण्याने खांदा निसटतो आणि पुढे कित्येक महिने दुखतो.

आता कातडी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. रोज अंघोळ किंवा अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू उजेडात पाहायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. फिका पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही फिका पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा हाताने शोधावी लागते. अशा जागेवर तेल नाहीतर स्पिरिट चोळणं ही जुनी सवय आहे. त्याने आतली नाजूक झालेली ऊती आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रिंगही नको, कारण तिच्या कडेचा दाब रक्तपुरवठा तोडतो. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा, आणि पाठीमागे उशी लावून अंग जरासं कलतं ठेवा.

एअर बेड, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, आणली म्हणजे कूस बदलायची गरज संपली, असं समजणारे घरोघरी भेटतात. गरज संपत नाही. शिवाय लाईट गेली की पंप बंद पडतो आणि गादी बसते. आपल्याकडे लाईट जाणं काही नवं नाही, तेव्हा पंप इन्व्हर्टरवर घ्या. रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात सरकवून बघा. वरची गादी बसून हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे.

नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न सोडायची नळी, असेल तर नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण केलेली हवी. खूण सरकलेली दिसली तर काहीही भरवायचं नाही, आधी नर्स किंवा डॉक्टर. भरवताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, तेही सिरिंजच्या दट्ट्याने न ढकलता आपोआप उतरू देत; नंतर ३० मिली पाण्याने नळी धुवायची आणि अर्धा ते एक तास आडवं करायचं नाही. घाईत ढकललेलं अन्न उलटून फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. गोळी कुटून नळीतून द्यायची असेल तर प्रत्येक गोळी डॉक्टरांना विचारून. नावापुढे एसआर, ईआर असलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

इन्सुलिनची चूक मात्र जिवावर बेतते. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत दर मिलीला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात आणि काही बाटल्यांत १००. सिरिंजही दोन: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने ‘२०’ च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट, ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने ‘२०’ पर्यंत भरलं तर फक्त ८ जातात, साखर उतरत नाही आणि डॉक्टर नकळत डोस वाढवतात. केअरटेकरला बाटली आणि सिरिंज हातात देऊन दोन्हींवरचे आकडे वाचून दाखवायला सांगा. जमलं नाही तर इन्सुलिन त्यांच्याकडे देऊ नका. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की खोलीत ठेवलेलं इन्सुलिन निकामी होतं. फ्रीज हवा, पण फ्रीझर नको. फ्रीज नसेल तर झाकणाच्या कोरड्या डबीत घालून पाण्याच्या माठात. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत, गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत समई, उदबत्ती, बिडी काहीच नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पलंग हलवा.

वहीत दर वेळी कूस, पाणी, लघवी, शौच, रक्तदाब आणि औषध लिहिलेलं हवं. ती वही वाचायला शिका. सगळ्या नोंदी एकाच शाईत, वेळा अगदी काट्यावर ८, १०, १२, आणि रक्तदाब रोज १२०/८० असेल तर संध्याकाळी बसून एकदम लिहिलंय हे ओळखावं. पुण्यात बसलेल्यांनी अवेळी व्हिडिओ कॉल करून आत्ता कोणत्या कुशीवर आहेत ते पाहावं आणि त्याच क्षणी वहीच्या पानाचा फोटो मागावा. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली दिसायला हवी. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात हे रोज बघायचं.

मनगटावर वळ दिसले तर नळी ओढू नये म्हणून हात बांधले जाताहेत का, हे विचारा. रुग्ण दिवसभर गुंगीत असेल तर झोपेच्या गोळ्यांची पट्टी मोजा.

चोवीस तासांच्या ड्यूटीबद्दल आमचं मत ठाम आहे: एका माणसाकडून रात्रभर दर दोन तासांनी कूस आणि दिवसभर सगळी सेवा होऊ शकत नाही. एकतर बारा-बारा तासांची दोन माणसं ठेवा, नाहीतर रात्रीच्या दोन-तीन पाळ्या घरच्यांनी घ्या. केअरटेकर बाईला नीट जेवण, झोपायला वेगळी जागा आणि आठवड्याची सुट्टी द्या. तुम्ही देता त्यातले किती पैसे तिच्या हातात पडतात, हेही ब्यूरोला विचारा. वारंवार माणसं बदलण्यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं.

हेळसांड दिसली तर जखमेचा तारखेसह फोटो आणि वहीची पानं जपून ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ब्यूरोला लेखी कळवा. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, ज्येष्ठांना मारहाण किंवा छळ होत असेल तर १४५६७, आणि जीव धोक्यात असेल तर सरळ ११२.