नाडीपेक्षा श्वासाचं ऐका

हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नसल्याचं निदान झालं की घरचे मायेपोटी माणसाला उठूच देत नाहीत. त्यानं दम कमी होत नाही, वाढतो. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात आणि रक्तातून आलेला ऑक्सिजन त्यांना नीट वापरता येत नाही. व्यायामाचा बराचसा फायदा या स्नायूंमुळेच होतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ या अभ्यासात २,३३१ रुग्ण होते. सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर फेकलं जातं ते माप) ३५ टक्के किंवा त्याहून कमी. व्यायाम गटाला देखरेखीखाली ३६ सत्रं, पुढचा व्यायाम घरी. मोठा चमत्कार घडला नाही, पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रोजचं जगणं सुधारलं.

सुरुवात करायची ती आजार स्थिर असताना, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. फार अशक्तपणा असेल तर सपाट जागी पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा चालावं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. बहुतेकांचं इथेच चुकतं: दोन दिवस बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी झपाझप चालतात आणि चौथा दिवस अंथरुणात जातो.

घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ठोके फारसे वाढत नाहीत, त्यामुळे श्रम जास्त होत असले तरी आकडा कमी दिसतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. श्रम किती वाटतात याला स्वतःच ६ ते २० मधला आकडा द्यायचा, याला बोर्ग माप म्हणतात; त्यावर ११ ते १३ च्या दरम्यान राहावं. शेवटी वेग हळूहळू उतरवा. एकदम थांबलं तर रक्त पायांत साचतं, आणि बीपी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येते.

ताकदीसाठी खुर्चीतून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा, एक दिवसाआड. उठताना श्वास सोडायचा. रोखून धरला तर हृदयावर ताण येतो.

सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन बघायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पाय सुजले किंवा रात्री झोपताना दम लागतो म्हणून उशा वाढवाव्या लागल्या, तर अंगात पाणी साठतंय असं समजून व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर थेट हॉस्पिटल.

आयसीडी (ठोके धोकादायक वेगाने पडू लागले की शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांनी एक प्रश्न विचारून घ्यावा: यंत्र किती ठोक्यांना शॉक देतं? व्यायामात त्याच्या निदान दहा-वीस ठोके खालीच राहायचं.